शमीम मॅडम आणि जागे डबे

शमीम मॅडम कोणाच्याही घरी गेल्या की चप्पल काढून पहिल्यांदा टीव्हीच्या पाठीवर हात ठेवायच्या. तळवा नाही, उलटा हात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतात तसा. तिथलं समाधान झालं की मग घरातल्या माणसांकडे वळून ‘कसे आहा जी’ म्हणायच्या.

आमच्याकडे त्या पहिल्यांदा आल्या संक्रांतीला. सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने, कॉलेजातल्या सगळ्या मॅडमना तिळगुळासाठी बोलावलं होतं. बाकीच्या जणी सतरंजीवर बसून एकमेकींच्या साड्यांची चौकशी करत होत्या. या मात्र सरळ टीव्हीपाशी गेल्या, हात ठेवला आणि कपाळाला आठी घालून उभ्या राहिल्या. सुमनला वाटलं टीव्हीवर धूळ आहे. ती ओशाळून म्हणाली, तो बंद आहे, दुपारपासून कोणी लावलाच नाही.

“बंद नाई जी हा,” शमीम मॅडम म्हणाल्या. “डोळे मिटून पडला आहे नुसता. तो लाल दिवा पाहा. रिमोटची वाट पाहून राह्यला बिचारा.”

आणि त्यांनी भिंतीवरचं बटण दाबून लाल दिवा विझवला, मग निवांतपणे सतरंजीवर बसून लाडू खाल्ला. त्या दिवसापासून सुमनला तो दिवा दिसला की झोप लागत नाही. अंथरुणावर पडल्यावर ती मला कोपराने ढोसते आणि मी उठून टीव्हीला खरोखरचं झोपवून येतो. माझ्या संसारातल्या पक्क्या कामांपैकी ते एक होऊन बसलं आहे.

शमीम मॅडम आमच्या आरमोरीच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायच्या आणि मी मराठी. आमचे मोकळे तास एकाच वेळी यायचे, त्यामुळे ओळख वाढली. चाळिशीच्या आसपासचं वय, बुटकी मूर्ती, जाड भिंगांचा चष्मा, कडक इस्त्रीची ओढणी, आणि हातातल्या पिशवीत छत्रीच्या शेजारी टेस्टर. त्यांचे वडील बांगड्यांचे व्यापारी होते. पेटी घेऊन आठवडी बाजार करायचे. लहानपणी त्या वडिलांबरोबर सावली गावापासून वडशापर्यंत सगळे बाजार हिंडलेल्या, त्यामुळे घरात हिंदी असूनही त्यांची इथली झाडी बोली आमच्यापेक्षा चोख होती. पुढे नागपूरला शिकल्या, नोकरीला मात्र गावीच परत आल्या, कारण वडील गेले होते आणि आई एकटी होती. भाऊ हैदराबादला. लग्नाचं काय झालं ते कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. नंतर आईही गेली. आम्ही सगळे भेटायला गेलो होतो, पुरुषमंडळी अंगणात खुर्च्यांवर बसलो आणि चहा पिऊन परत आलो. मॅडम आता एकट्या राहतात हे आम्हाला माहीत होतं. म्हणजे, सहकाऱ्यांना जेवढं माहीत असतं तेवढंच.

त्या वर्षांत लोडशेडिंगने आमच्या भागात नुसता उच्छाद मांडला होता. कोळसा आमच्या चंद्रपूरचा, धूर चंद्रपूरकरांच्या छातीत, आणि तयार झालेली वीज मात्र आमच्या डोक्यावरच्या तारांमधून कुठे तरी लांब निघून जायची. आरमोरीत दिवसाची एक पाळी आणि संध्याकाळची एक पाळी, असा अंधार ठरलेला. संध्याकाळचा तर इतका नियमित की लोक त्यावर घड्याळ लावत.

कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब नवीच झाली होती. वीसेक मशिनं, तारांनी एकमेकांना जोडलेली. तीच तार पुढे ऑफिसात, ग्रंथालयात, विज्ञान विभागात, परीक्षा विभागात आणि प्राचार्यांच्या खोलीत गेलेली. वीज गेली की तासभर बॅटऱ्या पुरायच्या, मग मागच्या बाजूला डिझेलचा जनरेटर सुरू व्हायचा. त्याचा आवाज असा की मी वर्गात विरहाची कविता शिकवायला घेतली की नायिका भातगिरणीत उभी राहून रडते आहे असं वाटायचं.

मग एका बैठकीत संस्थेचे सचिव म्हणाले की डिझेल परवडत नाही. लॅब बंद करू, मशिनं संस्थेच्या गडचिरोलीच्या कॉलेजला पाठवू, तिकडे वीज बरी आहे. ज्या मुलांना कॉम्प्युटर शिकायचा असेल त्यांनी तिकडे जावं. सगळ्यांनी माना डोलावल्या, कारण बैठकीत मान डोलावली की चहा लवकर येतो. शमीम मॅडम मात्र उभ्या राहिल्या. आमच्या कॉलेजात मुली बऱ्याच होत्या, आणि त्यांतल्या निम्म्या आसपासच्या जंगलातल्या गावांतून सायकलीने किंवा मिळेल त्या वाहनाने यायच्या. त्यांना घरून गडचिरोलीला रोज कोण पाठवणार होतं? मॅडमनी हे सगळं सांगितलं नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत मुदत द्या, जनरेटर अजिबात न लावता नुसत्या बॅटऱ्यांवर लॅब चालवून दाखवते, एवढंच बोलल्या. सचिव कबूल झाले. मला वाटतं, नाही म्हणायला जास्त वेळ लागला असता आणि त्यांची जीप बाहेर उभी होती.

दुसऱ्या दिवसापासून मॅडमनी इमारतीत गस्त सुरू केली. सोबत आमचे शिपाई देविदासभाऊ, हातात शिडी. मॅडम प्रत्येक कोपऱ्यात थांबायच्या, तारेचा माग काढत वर चढायच्या आणि उलटा हात लावून पाहायच्या.

इथे थोडं शिकवावं लागेल, तेही मला समजलं तेवढंच. बरेच कॉम्प्युटर तारेने जोडायचे तर मध्ये एक डबा लागतो. सगळ्या तारा त्या डब्यात शिरतात आणि डबा इकडचा निरोप तिकडे देतो. त्याच्या पोटावर बारीक हिरवे दिवे लुकलुकत असतात. आमच्या कॉलेजात असे सहा डबे निघाले. कॉम्प्युटर बंद असले तरी हे डबे चालूच. रविवारी चालू, दिवाळीच्या सुटीत चालू. वीज गेली की बॅटरी पिऊन चालू. ग्रंथालयातल्या डब्याला तर एकच कॉम्प्युटर जोडलेला होता, आणि ग्रंथपालांनी तो धुळीच्या भीतीने पहिल्या दिवशी झाकला होता तो पुन्हा उघडलाच नव्हता.

मॅडम शिडीवर उभ्या राहून मला म्हणाल्या, “पाहा सर, हा डबा सकाळपासून विचारून राह्यला, कोनी हाये काय, कोनी हाये काय. आन् तिकडं कोनीच नाई. फुकट काऊन जागून राह्यला हा?”

‘फुकट काऊन जागून राह्यला’ हे पुढे त्यांचं ब्रीदवाक्यच झालं. डब्याला म्हणायच्या, पंख्याला म्हणायच्या, आणि परीक्षेच्या आधी पुस्तक उघडं ठेवून खिडकीबाहेर बघणाऱ्या पोरालाही म्हणायच्या.

त्या डब्याची एक गंमत होती. त्याचं नाव ‘स्विच’, आणि त्याला बंद करायला स्विच नव्हता. मॅडमनी देविदासभाऊंना सांगितलं, ऑफिसातला स्विच बंद करा. देविदासभाऊंनी डबा सगळीकडून फिरवून पाहिला, बटण सापडेना, म्हणून त्यांनी त्यांच्या ओळखीचा एकमेव मोठा स्विच बंद केला. तो इमारतीचा मुख्य होता. त्या वेळी ऑफिसात बडे बाबू अख्ख्या कॉलेजचं पगारपत्रक टाइप करत होते. पुढचा आठवडाभर देविदासभाऊ ऑफिसच्या दारावरून न जाता मैदानाला वळसा घालून जात. शेवटी मॅडमनी गावातल्या वायरमनला बोलावलं आणि स्विच नावाच्या प्रत्येक डब्याला एकेक स्विच बसवून घेतला.

मग त्यांनी तारा ओढल्या. ग्रंथालयाची, विज्ञान विभागाची आणि परीक्षा विभागाची तार एकाच डब्यात आणली आणि उरलेले दोन डबे कपाटात ठेवून दिले. चार घरची चार माणसं चार चुलींवर चहा करत असतील तर एकीवर करावा, असं त्यांचं म्हणणं. लॅबमध्येही मुलांचे गट असे पाडले की एका वेळी खोलीची एकच बाजू जागी राहायची. दुसऱ्या बाजूचा डबा बंद, पडदे बंद, सगळं निजलेलं.

प्रत्येक कॉम्प्युटरला त्यांनी निजायलाही शिकवलं. थोडा वेळ कोणी हात लावला नाही तर तो आपोआप झोपी जायचा. आणि झोपलेल्याला उठवायला जायची गरज नव्हती. मॅडम आपल्या टेबलावरून तारेतून एक निरोप पाठवायच्या, त्याला त्या ‘हाक’ म्हणायच्या, की तिकडचं मशीन उठून बसायचं.

ही हाक देविदासभाऊंना कोणी समजावून सांगितली नव्हती. एका सकाळी ते प्राचार्यांच्या खोलीत एकटेच टेबल पुसत होते. खोलीत दुसरं कोणी नाही, आणि एकाएकी कॉम्प्युटर घरघरला, दिवा लागला, पडदा उजळला. देविदासभाऊ फडकं तिथेच टाकून बाहेर आले आणि व्हरांड्यातल्या बाकावर बसले. पाणी दिलं तर पाणीही घेईनात. मॅडमनी त्यांना लॅबमध्ये नेलं, शेजारी बसवलं, त्यांच्याच बोटाने कळ दाबून समोरचं मशीन उठवून दाखवलं. त्यावर ते बराच वेळ विचार करून म्हणाले, म्हणजे हे मेलं नाई जी, याचा एक कान उघडा आहे. मॅडमना हे इतकं आवडलं की पुढे त्या वर्गात तसंच शिकवायला लागल्या.

प्राचार्य बोरकर सरांची अडचण वेगळी होती. दुपारी जेवणानंतर सर खोलीचं दार लोटून कॉम्प्युटरवर पत्ते खेळत. ही गोष्ट सगळ्या कॉलेजला माहीत होती आणि ती कोणालाच माहीत नाही अशी सरांची समजूत होती. सर शांत डोक्याने खेळणारे. एकेका पत्त्यावर खूप विचार करायचे. आता होऊ लागलं असं, की सर चौकटची राणी कुठे ठेवावी याचा विचार करत बसले की कॉम्प्युटरला वाटायचं इथे कोणी नाही, आणि तो झोपी जायचा. तक्रार करायची तर काय करत होतात ते सांगावं लागणार. महिनाभर सरांनी सोसलं. मग एके दिवशी मला बोलावून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत विचारलं, “लांजेवार, माणूस विचार करतो तेव्हा त्याचे हात हलत नाहीत. म्हणून तो काम करत नाही, असं म्हणता येईल का?”

मी म्हटलं, मुळीच नाही सर. सर म्हणाले, मग हे तुम्ही मॅडमना तत्त्व म्हणून सांगा. मी तत्त्व म्हणून सांगितलं. मॅडम चष्मा पुसत ऐकत होत्या. दुसऱ्या दिवसापासून प्राचार्यांच्या मशीनला झोप जरा उशिरा येऊ लागली. पण त्यात एक मेख होती. पडदा विझायच्या आधी एक घंटी वाजायची, टिंग. मग सर विचार करता करता मधूनच नुसता उंदीर हलवत. बाहेर बसलेल्यांना टिंग ऐकू आलं की ते घड्याळ बघत.

हळूहळू फरक दिसायला लागला. आधी ज्या बॅटऱ्या तासाभरात माना टाकत, त्या आता दुपारची सगळी पाळी निभावून नेत. जनरेटर एकदाही सुरू झाला नाही. त्याच्या चाकावर चिमणीने काड्या आणून टाकल्या. माझ्या वर्गात विरहाच्या कविता स्वच्छ ऐकू जाऊ लागल्या, आणि मुलांना त्या मुळातच आवडत नव्हत्या हे मला तेव्हा कळलं.

एवढ्यावरही लॅब वाचलीच असती असं नाही. सचिवांच्या मनात मशिनं गडचिरोलीला न्यायचं होतं ते होतंच. ते बदललं उन्हाळ्याच्या शेवटी आलेल्या वावधनामुळे.

दुपारी वारा सुटला तो असा की बाजारातले टिनपत्रे शेतांत जाऊन पडले. रस्त्यावर झाडं आडवी झाली, विजेचे खांब माना मोडून पडले. वीज कधी येईल हे कोणीच सांगेना. नेमके ते नर्सिंगच्या प्रवेशाचे दिवस होते. त्या वर्षी पहिल्यांदाच अर्ज कॉम्प्युटरवरून भरायचे होते, आणि दुसरा दिवस शेवटचा होता. गावात दोन सायबर कॅफे, दोन्ही अंधारात. गडचिरोलीचा रस्ता बंद. इंटरनेट ज्या टेलिफोनच्या तारेतून यायचं ती मात्र जमिनीखालून होती, ती शाबूत होती.

सकाळी कॉलेजच्या फाटकाशी मुलींची रांग लागली. सोबत कोणाचे वडील, कोणाचा मामा. त्या कॉलेजात आल्या त्या दुसरीकडे कुठे जायचं ते सुचेना म्हणून. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. बॅटऱ्या आदल्या दिवशीच्या भरलेल्या होत्या, पण त्या पुन्हा भरायची सोय नव्हती. जे काही करायचं ते तेवढ्यात.

त्यांनी लॅब पाहिली आणि सगळं बंद करत गेल्या. पंखे, दिवे, सगळे कॉम्प्युटर. दोन ठेवले, एक डबा ठेवला, आणि टेलिफोनचं यंत्र. मग व्हरांड्यात येऊन त्या आम्हा सगळ्यांना म्हणाल्या की बॅटरी सर्वांत जास्त खातो तो काचेचा पडदा, आणि पडद्यासमोर बसून माणूस सर्वांत जास्त काय करतो तर विचार.

“तं विचार इथी बाहेर करा जी,” त्या म्हणाल्या. “नाव, जन्मतारीख, जात, मार्क, सगळं कागदावर. दोघांनी तपासा. आत फक्त लिहाले या.”

प्राचार्य बोरकर सर, बडे बाबू, मी, ग्रंथपाल, आम्ही सगळे व्हरांड्यात जमिनीवर बसून अर्ज लिहीत होतो. विचार करत बसायला वेळ नसल्याचा सरांना त्रास होईल असं मला वाटलं होतं, पण त्या दिवशी सर्वांत वेगाने त्यांनीच लिहिलं. एकेक मुलगी आत जायची, मॅडम तिच्या कागदावरून भराभरा टाइप करायच्या, आणि ती बाहेर येईपर्यंत पुढची दारात तयार.

दुपार कलल्यावर बॅटरीने कुरकुर सुरू केली. मॅडमनी एक कॉम्प्युटर बंद केला. रांग संपत आली होती. शेवटची मुलगी आत गेली आणि आली तेव्हा आम्ही सगळे उठून पाठ सरळ करत होतो, तेवढ्यात फाटकातून एक माणूस आणि एक मुलगी चालत येताना दिसली. ती सरिता आत्राम. आमचीच बारावीची विद्यार्थिनी, जंगलातल्या गावची. रस्त्यात झाडं पडलेली म्हणून बापलेक पहाटेपासून पायी निघाले होते. वडिलांच्या खांद्यावर कुऱ्हाड होती, वाट काढायला. त्यांनी व्हरांड्याच्या पायरीवर कुऱ्हाड ठेवली आणि लेकीला पुढे केलं.

बॅटरीची कुरकुर आता सतत चालू होती. आत मॅडम, सरिता आणि दारात मी. मॅडमनी एकदा बॅटरीकडे पाहिलं, मग वाकून टेलिफोनच्या यंत्राची तार डब्यातून उपटली आणि सरळ त्या एका कॉम्प्युटरच्या पाठीत खोचली. डबा बंद करून टाकला. जो डबा सगळ्यांना जोडायला आणला होता त्याची आता गरज नव्हती, जोडायला एकच राहिला होता. मग पडद्याचा उजेड इतका कमी केला की अक्षरं दिसेनात. सरिता कागद वाचत गेली आणि मॅडम चष्मा पडद्याला टेकवून टाइप करत गेल्या.

अर्ज गेला. आता त्याचा नोंद क्रमांक यायचा होता, तो मिळाला नाही तर सगळं व्यर्थ. आम्ही तिघं त्या अंधारलेल्या काचेकडे पाहत होतो. क्रमांक आला. सरिताजवळ पेन होतं पण कागद अर्जाने भरलेला, तिने तळहातावर लिहायला घेतलं. मॅडम एकेक आकडा मोठ्याने वाचत होत्या. शेवटचा आकडा वाचला, तिने तो लिहिला, मॅडमनी तिचा हात धरून पडद्याशी जुळवून पाहिला, आणि मग कॉम्प्युटर गेला.

मॅडमनी कॉम्प्युटरच्या पाठीवर उलटा हात ठेवला आणि म्हणाल्या, “झोप आता.”

सरिताला प्रवेश मिळाला. इतरही बऱ्याच जणींना मिळाला. ही गोष्ट तालुक्यात पसरली, आणि सचिवांना जिथे जातील तिथे लोक तुमच्या कॉलेजची लॅब फार चांगली म्हणून सांगू लागले. तेव्हा सचिवांना आठवलं की लॅब सुरू ठेवायची कल्पना त्यांचीच होती. जनरेटर एका भातगिरणीला विकला गेला, चिमणीच्या काड्यांसकट. आणि ऑगस्टमध्ये मॅडमचा जाहीर सत्कार ठरला.

सभागृहात खुर्च्या मांडल्या, सनई लावली, भर दिवसा भिंतीवर विजेच्या रंगीत माळा सोडल्या. पाहुणे आले, सचिव आले, शाल आणि श्रीफळ ताटात आलं. शमीम मॅडम आल्या नाहीत. देविदासभाऊ दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. कोणीतरी म्हणालं, माळा पाहून रागावल्या असतील, सकाळी येऊन गेल्या म्हणतात. हे सगळ्यांना पटलं आणि सगळे हसलेही. बोरकर सर भाषणात म्हणाले की विचार करणाऱ्या माणसालाही मधूनमधून जागं करावं लागतं, हे मला मॅडमनी शिकवलं. फोनवरून त्यांना विचारलं तर बरं नाही म्हणाल्या. शेवटी शाल आणि नारळ माझ्या हातात देण्यात आला, तुमची ओळख आहे, तुम्ही पोचवा म्हणून.

संध्याकाळी मी आणि सुमन त्यांच्या घरी गेलो. बाजाराच्या मागच्या गल्लीत, कौलारू, चार खोल्यांचं घर. दोन-तीन वर्षांपूर्वी अंगणात बसून चहा प्यालो होतो, आत कधी गेलो नव्हतो.

गल्लीत शिरल्याबरोबर लांबूनच ते घर ओळखू आलं, कारण त्याच्या सगळ्या खिडक्यांतून उजेड येत होता. अजून दिवस पुरता मावळला नव्हता. मॅडमनी दार उघडलं. आम्हाला पाहून त्या क्षणभर दारातच उभ्या राहिल्या, आणि मग बाजूला झाल्या.

समोरच्या खोलीत टीव्ही चालू होता, आवाज बारीक ठेवलेला. त्याच्यासमोर कोणी बसलेलं नव्हतं, खुर्चीवर घडी न केलेले कपडे होते. स्वयंपाकघरात रेडिओवर कोणी शेतीबद्दल बोलत होतं. मागच्या खोलीचं दार उघडं होतं. तिथे एक पलंग, त्यावर स्वच्छ धुतलेली चादर, उशाशी जपाची तस्बी, आणि वर पंखा गरगर फिरत होता. दिवाही लागलेला.

सुमनने शाल काढली आणि मॅडमच्या खांद्यावर घातली. मॅडमनी तिचा हात घट्ट धरला आणि बसा म्हणाल्या. तब्येतीचं विचारलं तर ठीक आहे म्हणाल्या. चहा टाकायला त्या आत गेल्या.

मॅडमच्या सहवासात इतकी वर्षं काढून मला एक सवय लागली होती. मी उठलो आणि मागच्या खोलीतल्या पंख्याचं बटण बंद करायला हात नेला.

“राहू द्या सर,” मागून आवाज आला. त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात दुधाचं भांडं. “ते राहू द्या.”

मी हात मागे घेतला. त्या भांड्याकडे पाहत म्हणाल्या, “अम्मीले पंखा लागे झोपाले. हिवाळ्यात बी लागे.” मग म्हणाल्या, “मी घरी आली आनि सगळं बंद असलं ना सर, तं कुठूनच आवाज नाई येत जी. मंग मी येताबरोबर सगळं लावून टाकतो.”

मी परत येऊन सुमनशेजारी बसलो. त्यांनाच आमची अडचण वाटली असावी, कारण त्या सत्काराचं सांगू लागल्या. सकाळी त्या खरंच माळा काढायला आल्या होत्या. सभागृहात पुढच्या रांगेत देविदासभाऊ खुर्च्यांवर कागद चिकटवत होते. ‘सत्कारमूर्तींचे कुटुंबीय’.

“चार खुर्च्या ठेवल्या होत्या,” मॅडम म्हणाल्या. “मले विचारते, मॅडम, चार पुरतीन का? मी म्हटलं, पुरतीन भाऊ.” त्या किंचित हसल्या. “मंग मी घरी आली.”

तेवढ्यात वीज गेली. आमच्या भागाची संध्याकाळची पाळी सुरू झाली होती. टीव्हीतली बाई वाक्याच्या मध्येच थांबली. रेडिओ थांबला. मागच्या खोलीतला पंखा मात्र लगेच थांबला नाही, हळूहळू फिरत राहिला, आणि त्याची शेवटची कुरकुर संपेपर्यंत आम्ही तिघंही ती ऐकत होतो. त्यानंतर त्या घरात काही ऐकू येईना.

मॅडम म्हणाल्या, आता दोन घंटे येत नाही, तुम्ही निघा, रस्त्यात अंधार होईल.

सुमन उठली. मला वाटलं निघायला उठली. तिने पदर खोचला आणि विचारलं, “कंदील कुठी आहे तुमचा? आज आमी जेवूनच जातो.”

मॅडम काही म्हणायच्या आत ती स्वयंपाकघरात गेली होती. थोड्या वेळाने आतून कंदिलाचा पिवळा उजेड आला आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. ताट, वाटी, झाकण, परात. तांदूळ कुठी, मिठाचा डबा कुठी, मिरच्या कुठी ठेवता जी, असं ती मोठमोठ्याने विचारत होती. सुमन घरी स्वयंपाक करते तेव्हा तिचा आवाज शेजारच्या खोलीतही येत नाही. त्या दिवशी एक झाकण तिने दोनदा खाली पाडलं.

शमीम मॅडम थोडा वेळ अंधारात शाल पांघरून बसून ते ऐकत राहिल्या. मग “तुमाले नाई सापडत जी ते,” म्हणत उठल्या आणि आत गेल्या.